‘यमुनापर्यटन’ : सेवा आणि प्रचार

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटना’चा (१८५७) उल्लेख बहुधा मराठीतील आद्य कादंबरी म्हणून होतो, अथवा मिशनरी प्रचाराचे पुस्तक म्हणून ती बाजूला सारली जाते. या दोन्ही निर्णयांत कृतीतील खरा पेच निसटतो. यमुना आणि विनायक प्रवासात ठिकठिकाणच्या विधवांच्या हकीकती ऐकतात. केशवपन, अवहेलना, घरातील कोंडमारा यांचे कथन जेथे येते तेथे लेखणी सर्वाधिक समर्थ होते. १८५४ मध्ये स्वतः ख्रिस्ती झालेल्या लेखकाची ही करुणा उसनी नव्हे.

परंतु विनायकाच्या निधनानंतर यमुना ख्रिस्ती होते, तिचा पुनर्विवाह होतो आणि कथानक समाप्त होते. वाटेत भेटलेल्या बहुतेक विधवांच्या बाबतीत करुणा ऐकण्यापाशीच थांबते. त्यांना निकड होती ती आसऱ्याची. कथेच्या शेवटी त्यांच्या दुःखाचा उपयोग मात्र सिद्धांताच्या पुराव्यादाखल होतो.

तो आसरा पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतील साहाय्याच्या बळावर १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढून दिला. सदन पुण्यास गेल्यावर, १८९३ मध्ये, धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार त्यापासून दूर झाले. धर्मप्रसाराचा हेतू सेवेला उणेपणा आणतो काय, हा कादंबरीत अनुत्तरित राहिलेला प्रश्न आता संस्थेच्या दारात उभा होता. हेतूविषयी मतभेद राहतील. तथापि निराश्रित स्त्रीला मिळालेले छप्पर त्यामुळे खोटे ठरत नाही. ‘यमुनापर्यटना’चे मूल्यमापनही याच न्यायाने, उपसंहारापेक्षा त्यातील विधवांच्या साक्षींवरून, व्हावयास हवे.