लोणावळ्यास काय झालें?

यवतमाळसारख्या गांवीं चार सुशिक्षित कुटुंबें एकत्र बसलीं म्हणजे पाऊस, कापसाचा भाव आणि मुलांच्या परीक्षा यांपलीकडे संभाषण जात नाहीं, असा बाहेरच्यांचा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. २०१९ च्या दिवाळींत आमच्या घरीं जमलेल्या मंडळींत जो विषय फराळापासून पानसुपारीपर्यंत पुरला, तो 'लोणावळ्यास काय झालें?' हा होता. हा प्रश्न ज्यांच्या कानांवर आला नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे.

त्या वर्षीं २० सप्टेंबरला ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर 'द फॅमिली मॅन' ही हिंदी मालिका आली. राज निदिमोरू व कृष्णा डी. के. या जोडीची ही निर्मिति. नायक श्रीकांत तिवारी हा मुंबईंत राहणारा मध्यमवर्गीय गृहस्थ. घरासाठीं कर्ज, वयांत येणारी मुलगी, खोडकर मुलगा आणि नवऱ्याच्या अवेळीं येण्याजाण्यानें त्रासलेली पत्नी सुची, असा त्याचा संसार. वस्तुतः हा मनुष्य देशाच्या एका गुप्त तपासपथकांत काम करतो. मनोज बाजपेयी यांनीं ही दुहेरी भूमिका इतक्या सहजतेनें वठविली आहे कीं घरीं बायकोपुढें चांचपडणारा आणि बाहेर क्षणांत निर्णय घेणारा हे दोघे एकच, याविषयीं आम्हांस कोठेंहि शंका आली नाहीं. त्याचा सोबती तळपदे हा मराठी माणूस. शरीब हाश्मी यांनीं त्याच्या मुखीं घातलेला खुसखुशीत विनोद आमच्याकडे मालिका संपल्यावरहि बरेच दिवस चालला. प्रियामणि यांची सुचीहि मोजक्या शब्दांत बरेंच सांगून जाते. मालिका गुणवान आहे. म्हणूनच तिच्या अखेरीविषयीं चार शब्द लिहावयाचे.

पहिल्या पर्वाचा दहावा भाग संपतो तेव्हां तीन धागे मोकळे राहतात. दिल्लींतील रसायनांच्या एका कारखान्यांत विषारी वायूचा दाब वाढत आहे; झोया व मिलिंद हे पथकांतील दोघे तेथें जखमी होऊन अडकले आहेत; आणि ज्यांनीं धांवून जावयाचें ते संकट टळलें असें समजून निश्चिंत आहेत. हा पहिला धागा. दुसरा लोणावळ्याचा. सुची कामानिमित्त आपला सहकारी अरविंद याच्यासह तेथें जाते. त्या रात्रीं दोघांमध्यें काय झालें, हें दाखविण्यापूर्वीं कॅमेरा तोंड फिरवितो. तिसरा धागा करीमचा. चुकीच्या संशयावरून पथक करीम नांवाच्या एका महाविद्यालयीन तरुणाच्या मागें लागतें आणि त्यांत तो गोळी लागून मरतो. मागाहून कळतें कीं त्याच्या मनांत घातपात नव्हता, निषेधाचा एक कार्यक्रम होता. तरीहि जगापुढें त्याचें नांव दहशतवादी म्हणूनच जातें. सत्य जाणणारे गप्प बसतात. श्रीकांतला टोचणी लागते, परंतु पर्व संपतेवेळीं करीमवरचा कलंक जेथें होता तेथेंच असतो.

आतां या तिहींची परीक्षा करूं. कोणतीहि कथा तुटली म्हणून ती सदोष ठरत नाहीं. चातुर्मासांत पोथी ऐकणारे आपण लोक. आजचा अध्याय संपला, उरलेली कथा उद्यां, यांत आपणांस कधीं फसवणूक वाटली नाहीं. पुराणिक पोथी बांधतो ती अध्याय पुरा झाल्यावर. राक्षसानें उगारलेली गदा हवेंत ठेवून तो उठत नाहीं. आमची शकुंतला गाडी धांवत होती तेव्हां ती किती रखडे हें जिल्ह्यांतील प्रत्येकास ठाऊक आहे. पण यवतमाळहून बसलेला मनुष्य मूर्तिजापुरास उतरे. उशीर हा दोष क्षम्य आहे. मधल्या माळावर उतरवून 'पुढचें तिकीट पुढें केव्हां तरी मिळेल' असें सांगणें हा दोष निराळा.

कारखान्याचा धागा या दुसऱ्या जातीचा आहे. दुसरें पर्व ४ जून २०२१ रोजीं आलें, म्हणजे प्रेक्षकांनीं सुमारें वीस महिने ती गदा हवेंत पाहिली. आणि आलें तें काय? पडदा उघडतो तेव्हां दिल्लीचा प्रसंग केव्हांच घडून गेलेला, श्रीकांत पथक सोडून एका खासगी कंपनींत रुळूं पाहणारा. आणि त्या दिवशीं काय झालें, तें आपणांस मागाहून ओझरतें कळावयाचें! ज्या संकटासाठीं एवढें थांबविलें त्याची बोळवण आठवणीच्या दोन प्रसंगांत व्हावी, यावरून उघड होतें कीं तो पेच कथेच्या गरजेंतून निघाला नव्हता. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळूं नये म्हणून घातलेला तो अडसर होता.

लोणावळ्याची गोष्ट निराळी. तेथें निर्मात्यांनीं मौन पाळलें, तें आमच्या मतें उचित होतें. श्रीकांत आपल्या पत्नीपासून आयुष्याचा मोठा भाग लपवून ठेवतो. मग पत्नीच्या आयुष्यांतील एक रात्र त्याच्यापासून लपलेली असावी, यांत न्यायाचा एक तराजू आहे. आपण प्रेक्षक श्रीकांतइतकेच अज्ञानांत राहिलों म्हणून त्याची तगमग आपणांस कळली. परंतु दुसऱ्या पर्वाच्या शेवटीं सुची कांहीं सांगूं पाहते, आणि तिचे शब्द ऐकूं येण्यापूर्वींच दृश्य संपतें. येथें मात्र मौनाचा सौदा झाला. एकदां राखलेलें मौन ही मर्यादा असते. तेंच पुनः पुनः हालवून दाखविलें म्हणजे तें खुळखुळा होतें.

कोणी म्हणेल, हेरांचें जीवनच असें अपुरें. त्यांच्या कथेचे सगळे धागे जुळवून दाखविणें हेंच खोटें नव्हे काय? आक्षेप विचार करण्यासारखा आहे. परंतु हेरांचें नाटक आपल्याकडे नवें नाहीं. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसां'त पानोपानीं गुप्तहेर आहेत, बनावट पत्र आहे, चोरलेली मुद्रा आहे, मित्राचा घात करणारे मित्र आहेत. तरी सातव्या अंकाच्या अखेरीस वधस्थानीं नेलेला चंदनदास सुटतो, राक्षस चंद्रगुप्ताचें अमात्यपद स्वीकारतो, आणि प्रतिज्ञा पुरी झाली म्हणून चाणक्य आपली शेंडी बांधतो. गांठी सुटल्या म्हणून तें नाटक भाबडें झालें नाहीं. चाणक्याचा मार्ग धर्म्य होता काय, हा प्रश्न पडदा पडल्यावरहि उरतोच. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीचेंहि तसेंच. 'करमणुकीं'त ती क्रमशः आली. वाचकांनीं अंकाची वाट पाहिली असेलच. शेवटीं यमूची कहाणी पुरी होते, तिच्या दुःखाला अंत मिळतो. पुरा होत नाहीं तो फक्त शीर्षकांतला प्रश्न. तो वाचक आपल्या घरीं घेऊन जातो. कथा संपावी आणि प्रश्न उरावा, ही मोठ्या लेखकाची रीत. प्रश्न क्षुल्लक आणि कथाच अडकलेली, ही बाजाराची.

या कसोटीला लावलें तर तिन्ही धाग्यांत खरा उरण्याजोगा धागा करीमचाच होता. निरपराध मनुष्य राज्याच्या हातून मारला जावा, आणि राज्याची अब्रू राखण्यासाठीं मेल्यावर त्याचेंच नांव काळें व्हावें, याहून अवघड प्रश्न हेरकथेस विचारतां येणार नाहीं. निर्मात्यांनीं तो विचारला, हें त्यांचें धैर्य आम्ही मनःपूर्वक वाखाणतों. करीमला न्याय मिळाला नाहीं याबद्दल आमची तक्रार नाहीं. असा न्याय सहसा मिळत नाहीं, तेव्हां तें सत्यच आहे. तक्रार ही कीं शेवटच्या भागांत वायूचा दाब आणि लोणावळ्याचें दार हीं इतक्या जोरानें पुढें आलीं कीं करीम त्यांच्या मागें झांकला गेला. प्रेक्षकाच्या मनांत एका वेळीं फार प्रश्न राहत नाहींत. शेवटीं ज्यावर उजेड पडतो तोच घरीं जातो.

याचा दाखला आम्हांस त्या दिवाळींतच मिळाला. लोणावळ्याविषयीं हिरिरीनें वाद चालला असतां दहावींतल्या एका मुलीनें मध्येंच विचारलें, "पण करीमच्या घरच्यांना खरें कोणी सांगितलें का?" क्षणभर सगळे थांबले. मग कोणी तरी "हो, तेंहि राहिलेंच" असें म्हणालें, चिवड्याचें ताट पुढें सरकलें, आणि मंडळी पुनः लोणावळ्यास गेली. त्यांत मंडळींचा दोष थोडा. मालिकेनेंच त्यांस तिकडे पाठविलें होतें. आम्हीहि त्यांतच होतों, हें कबूल केलें पाहिजे.

२०२५ च्या नोव्हेंबरांत या मालिकेचें तिसरें पर्वहि आलें. प्रेक्षक टिकून आहे, तेव्हां अडसराचा धंदा तोट्यांत नाहीं हें उघड आहे. तरी ज्या घरांत मुलेंबाळें एकत्र बसून अशा कथा पाहतात, तेथें वडील मंडळींनीं पहिलें पर्व पुनः एकदां अवश्य पाहावें, आणि या खेपेस कारखाना व लोणावळें बाजूस ठेवून त्या मुलीचा प्रश्न हातीं धरून पाहावें. मालिका आहे त्याहून मोठी दिसेल, आणि तिची अखेर आहे त्याहून लहान.