गुणवत्तेचे निर्णय आणि त्यांमागील कारणांची नोंद : 'एरियान-५' चौकशी अहवालाची चिकित्सा

बीजसंज्ञा : सॉफ्टवेअर, गुणवत्ताविषयक अपेक्षा, निर्णयप्रक्रिया, विश्वासार्हता, पुनर्वापर

प्रस्तावना :
सॉफ्टवेअरकडून दोन प्रकारच्या अपेक्षा असतात. त्याने काय करावे ही पहिली. ते किती वेगाने, किती सुरक्षितपणे व किती विश्वासार्हतेने करावे ही दुसरी. दुसऱ्या प्रकारच्या अपेक्षांना गुणवत्ताविषयक अपेक्षा म्हणतात. त्या परस्परांना छेद देतात. म्हणून त्यांच्याविषयी निर्णय घ्यावा लागतो. असा निर्णय कसा घेतला जातो, हे पाहण्यासाठी 'एरियान-५' या युरोपीय अग्निबाणाच्या अपघाताचा चौकशी अहवाल हे मोलाचे साधन आहे. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

अहवालातील वस्तुस्थिती :
४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झालेले 'एरियान-५'चे पहिले उड्डाण उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, ३७०० मीटर उंचीवर संपुष्टात आले. त्यासोबत 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रहही नष्ट झाले. प्रा. झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने जुलै १९९६ मध्ये अहवाल सादर केला. दिशानिर्देशक यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतरित होत असताना ती त्या मर्यादेत मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणाही याच कारणाने काही सहस्रांश सेकंद आधी बंद पडली होती. कारण दोहोंत एकच सॉफ्टवेअर होते.

विवेचन :
ही घटना निष्काळजीपणाची म्हणून सांगितली जाते. परंतु अहवाल बारकाईने वाचल्यास वेगळे चित्र दिसते. धोका संभवणारी सात चलपदे अभ्यासकांनी शोधली होती. त्यांपैकी चारांना संरक्षण दिले. तीन तशीच ठेवली. संगणकावरील कामाचा भार ८० टक्क्यांपेक्षा अधिक होऊ नये, ही अपेक्षा त्यामागे होती. म्हणजेच कार्यक्षमतेची राखीव मर्यादा सांभाळण्यासाठी विश्वासार्हतेचा काही अंश सोडला गेला. उरलेली चलपदे भौतिकदृष्ट्या मर्यादित आहेत किंवा त्यांत पुरेसा वाव आहे, असा तर्क होता. 'एरियान-४'च्या उड्डाणमार्गासाठी तो योग्य होता. अधिक आडवा वेग असलेल्या 'एरियान-५'साठी तो चुकीचा ठरला. नव्या उड्डाणमार्गाची आकडेवारी त्या यंत्रणेच्या अपेक्षापत्रात न घालण्याचेही संबंधितांनी एकमताने ठरविले होते. शिवाय, ज्या भागात दोष उद्भवला त्याची नव्या अग्निबाणाला उड्डाणानंतर गरजच नव्हती; चाललेले बदलू नये या भूमिकेतून तो कायम राहिला.

अहवालाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या एका निरीक्षणात आहे : तीन चलपदे असंरक्षित ठेवण्याचे कारण मूळ आज्ञावलीत थेट नोंदलेले आढळले नाही. निर्णय टिकला, कारण हरवले. परिस्थिती बदलल्यावर निर्णय पुन्हा तपासण्याची वाट त्यामुळे बंद झाली. कारणांच्या दस्तऐवजांकडे आज्ञावलीइतकेच लक्ष द्यावे, ही मंडळाची शिफारस म्हणूनच महत्त्वाची ठरते.

तथापि अहवालाला मर्यादाही आहे. निर्णय विविध करारस्तरांवरील भागीदारांनी संयुक्तपणे घेतला, एवढे तो सांगतो. त्या चर्चेत शंका कोणी उपस्थित केली का, ८० टक्क्यांची मर्यादा सैल करण्याचा विचार झाला का, हे प्रश्न तो हाताळत नाही. सर्वांचा निर्णय हा पुष्कळदा कोणाचाच निर्णय नसतो. व्यक्तिगत दोषारोप टाळण्याचा अहवालाचा संयम स्वागतार्ह आहे. परंतु त्या संयमात निर्णयप्रक्रियेची मीमांसाही काहीशी बाजूला पडली आहे.

समारोप :
गुणवत्तेच्या वैशिष्ट्यांची यादी आंतरराष्ट्रीय मानके पुरवतात. त्यांपैकी कोणते, कोणत्या परिस्थितीत व कशाच्या मोबदल्यात, हे मात्र कार्यगटालाच ठरवावे लागते. तडजोड अटळ आहे, परंतु अनामिक तडजोड अटळ नाही. निर्णयासोबत त्याचे कारण, गृहीतक आणि ते कोणत्या परिस्थितीपुरते खरे आहे याची नोंद ठेवणे, हाच या अहवालाच्या वाचनातून मिळणारा निष्कर्ष होय.