कामा, जी. टी. आणि मधला पडदा

मांडव्याच्या जेट्टीवरून लाँच धरून मुंबईला दाखवायला जाणाऱ्या बायका निघण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतात : ‘लेडी डॉक्टर आहे ना?’ मुंबईने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले होते. पेस्तनजी कामांच्या देणगीतून 1886 साली सुरू झालेले कामा रुग्णालय बायकामुलांसाठी होते, आणि ते स्त्री डॉक्टरांच्याच हाती असावे असा आग्रह होता. एडिथ पीची त्यासाठीच विलायतेहून आल्या. वेगळेपण केवळ खाटांचे नव्हते. तपासणारे हात कोणाचे, हाच मूळ मुद्दा होता.

कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर जी. टी. रुग्णालय आहे. तिथे फेब्रुवारी 2023 मध्ये तृतीयपंथीयांसाठी 30 खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. त्याचे स्वागत झाले, ते योग्यच. पण ज्या मजकुरामागून हा वॉर्ड आला, तो फार कमी जणांनी बारकाईने वाचला असावा. 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालानुसार आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे व्यक्तीने स्वतः ठरवायचे. तोच निकाल तृतीयपंथीयांसाठी वेगळी स्वच्छतागृहे करायला सांगतो. 2020 च्या नियमांनी रुग्णालयांत वेगळे वॉर्ड आणले, दोन वर्षांच्या मुदतीत. मग ‘मी स्त्री’ असे ठरवलेल्या व्यक्तीने जायचे कुठे? निकालातली ही गाठ तशीच राहिली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये समानता कायद्यातील ‘स्त्री’ म्हणजे जन्माने स्त्री असा अर्थ लावून ती कापली. कापणे म्हणजे सोडवणे नव्हे.

बाईच तपासायला हवी म्हणणारीला मागासलेली ठरवणे मला मान्य नाही. तिला कारणही विचारू नये. आपल्याला कोण हात लावणार हे आधी कळावे, एवढेच पारलिंगी स्त्रीचेही मागणे असते. इथवर भांडण नाही. भांडण आहे ते खाटेवरून, आणि ते खरे आहे. लहान दवाखान्यात दोनच खोल्या असतात. तिथे पारलिंगी रुग्णाला पुरुषांत ढकलणे मला क्रूर वाटते. बायकांच्या बाजूला, बाळंतिणींपासून दूर, पडद्याआड खाट द्यावी. पण शेजारच्या बाईला न विचारता नव्हे. तिने नको म्हटले, तर दोघींपैकी कोणीही व्हरांड्यात जाऊ नये एवढी जागा बांधणे हे सरकारचे काम.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद होतात. रो-रो असते म्हणा, समुद्र शांत असेल तर. जी. टी.च्या त्या तीस खाटा पलीकडच्या किनाऱ्यावर आहेत.