मनाची लाज शिकवता येते का?

१९७१ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या मार्था स्टीफन्स यांच्या हाती कागदांचा एक गठ्ठा आला. विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजनं संरक्षण खात्याला पाठवलेले ते अहवाल होते. युजीन सेंगर नावाचे रेडिओलॉजिस्ट १९६० पासून कॅन्सरच्या रुग्णांच्या शरीरावर किरणोत्साराचे मोठे डोस देत होते. पैसा संरक्षण खात्याचा होता, कारण अणुयुद्धात सैनिकाचं शरीर किती झेलेल हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. रुग्ण नव्वदच्या आसपास. बहुतेक गरीब, त्यांतले बरेच कृष्णवर्णीय. अहवालात त्यांची नावं नव्हती.

स्टीफन्स यांनी ते कागद नीट वाचले. डोस दिल्यावर कोण किती दिवसांनी गेलं, हे मोजलं. जानेवारी १९७२ मध्ये कनिष्ठ प्राध्यापकांच्या संघटनेनं या प्रयोगावरचा आपला अहवाल जाहीर केला आणि त्याच वर्षी प्रकल्प थांबला. हे करणारी बाई डॉक्टर नव्हती, तत्त्वज्ञ नव्हती. ‘बायोएथिक्स’ हा शब्दही तेव्हा नुकता जन्माला आला होता. तिला फक्त वाचता येत होतं.

कार्ल एलियट यांच्या ‘द ऑकेजनल ह्युमन सॅक्रिफाइस’ (२०२४) या पुस्तकातली ही एक गोष्ट. एलियट मिनेसोटा विद्यापीठात बायोएथिक्स शिकवतात. आधी डॉक्टरकी शिकले, मग तत्त्वज्ञानाकडे वळले. औषध कंपन्या आणि डॉक्टरांच्या संबंधांवरचं ‘व्हाइट कोट, ब्लॅक हॅट’ (२०१०) हे त्यांचं आधीचं पुस्तक. नव्या पुस्तकात त्यांनी वैद्यकीय संशोधनातली सहा कुप्रसिद्ध प्रकरणं घेतली आहेत. पण प्रयोग करणाऱ्यांपेक्षा त्यांचं लक्ष आहे ‘हे चुकतंय’ असं म्हणणाऱ्यांवर. म्हणजे इंग्रजीत ज्यांना व्हिसलब्लोअर म्हणतात, त्यांच्यावर.

मराठीत या माणसासाठी ‘जागल्या’ हा शब्द आपण वापरतो. शब्द छान आहे, पण फसवा आहे. गावातला जागल्या गावानंच नेमलेला असायचा. रात्री ओरडणं हे त्याचं काम होतं आणि तो ओरडला म्हणून कुणी त्याला वाळीत टाकत नव्हतं. एलियट यांच्या पुस्तकातल्या माणसांना कुणीही नेमलेलं नव्हतं. नेमलेले जागले वेगळेच होते: समित्या, अधिष्ठाते, विभागप्रमुख आणि पुढे बायोएथिक्सचे प्राध्यापक. हे पगारी जागले झोपलेले का असतात, असा प्रश्न हे पुस्तक विचारतं. विचारणारा माणूस स्वतः त्याच पगारपत्रकावर आहे, म्हणून त्याला धार आहे.

टस्कीगीचं उदाहरण घ्या. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेनं अलाबामातल्या सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ‘पाहिलं’. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही पाहतच राहिले. पीटर बक्सटन या सेवेत सॅन फ्रान्सिस्कोत काम करणारा साधा कर्मचारी होता. त्यानं १९६६ मध्ये वरिष्ठांना लिहिलं, १९६८ मध्ये पुन्हा लिहिलं. काही झालं नाही. शेवटी त्यानं कागद ओळखीतल्या पत्रकाराला दिले आणि जुलै १९७२ मध्ये बातमी छापून आली. हा प्रयोग गुप्त नव्हता, त्यावरचे लेख वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. डॉक्टर ते वाचत होते आणि पान उलटत होते.

न्यूझीलंडमधलं प्रकरण याहून सभ्य, म्हणून जास्त भीतिदायक. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरांना वाटायचं, की गर्भाशयमुखावरचे कॅन्सरपूर्व बदल सहसा कॅन्सरपर्यंत जातच नाहीत. हे दाखवण्यासाठी १९६६ पासून अनेक स्त्रियांवर पुरेसे उपचार झाले नाहीत. त्यांच्याच तीन सहकाऱ्यांनी आत तक्रारी करून पाहिल्या आणि अखेर १९८४ मध्ये एक शोधनिबंध छापला. निबंधात सगळं होतं. तरी भूकंप झाला तो १९८७ मध्ये, सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोन स्त्रीवादी लेखिकांनी एका मासिकात साध्या भाषेत लेख लिहिला तेव्हा. मग न्यायिक चौकशी झाली आणि देशातले रुग्णहक्कांचे नियमच बदलले.

स्टॉकहोममध्ये कॅरोलिन्स्का संस्थेच्या चार डॉक्टरांनी पाओलो माकियारिनी या सर्जनविरुद्ध तक्रार केली. त्याच्या कृत्रिम श्वासनलिका बसवलेले रुग्ण मरत होते. २०१८ मध्ये संस्थेनं पुन्हा निकाल दिला, तेव्हा माकियारिनीबरोबर तक्रारदारांपैकी एकावरही ठपका ठेवला. त्याचंही नाव शोधनिबंधांवर होतं ना! खरं सांगणाऱ्याला सहलेखक म्हणून दोषी धरण्याची ही युक्ती कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला ओळखू येईल.

एलियट यांचं स्वतःचं प्रकरणही पुस्तकात आहे. डॅन मार्किंगसन या तरुणाला तीव्र मनोविकाराच्या अवस्थेत, सक्तीच्या उपचाराची टांगती तलवार असताना, त्यांच्याच विद्यापीठातल्या एका औषध-चाचणीत घेतलं गेलं. त्याची आई त्याला बाहेर काढा म्हणून विनवत राहिली. मे २००४ मध्ये त्यानं आत्महत्या केली. एलियट यांनी २०१० मध्ये त्यावर मोठा लेख लिहिला आणि पुढची वर्षं चौकशीची मागणी करत राहिले. २०१५ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकानं विद्यापीठावर कडक ताशेरे ओढले. दरम्यान त्यांचे सहकारी, म्हणजे रुग्णांचे हक्क शिकवणारे लोक, त्यांना टाळू लागले होते.

मग अशा वेळी बोलतं कोण? एलियट यांचं उत्तर त्यांच्या विषयालाच अडचणीत आणणारं आहे. त्यांना भेटलेल्या माणसांनी स्वायत्तता, हित, अहित आणि न्याय या पाठ्यपुस्तकातल्या चार तत्त्वांचा हिशेब मांडला नव्हता. बोलून फायदा किती, तोटा किती, हेही तोललं नव्हतं. त्यांना एवढंच वाटलं, की गप्प बसलो तर स्वतःला तोंड दाखवता येणार नाही. एलियट याला ‘ऑनर’ म्हणतात. इंग्रजीत आज हा शब्द द्वंद्वयुद्धाच्या काळातला वाटतो. मराठीत त्याची सोय आधीच आहे. ‘जनाची नाही, तर मनाची तरी लाज बाळग,’ असं आपल्याकडे पोरांना सुनावतात. सगळं पुस्तक या एका वाक्यात मावतं. आणि मराठी वाक्य एक पाऊल पुढे जातं: संस्थेला मन नसतं, म्हणून तिला फक्त जनाची लाज असते. चौकशी दडपणं, पत्रक काढणं, बोलणाऱ्याला वेडा ठरवणं ही सगळी जनाच्या लाजेची कामं. वर्तमानपत्रात येईपर्यंत संस्था हलत का नाही, याचं कोडं इथे सुटतं.

माझा या पुस्तकाशी संबंध निव्वळ वाचकाचा नाही. आपल्याकडे नियमानुसार औषध-चाचण्यांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत एक सामान्य माणूस, ‘लेपर्सन’, असावा लागतो. अशा एका कमिटीत मी बसते. माझ्यासमोर मराठी संमतीपत्रं येतात. त्यात लिहिलेलं असतं, ‘आपणांस यादृच्छिकपणे एका गटात नेमण्यात येईल.’ मी म्हणते, असं लिहा: ‘तुम्हाला कुठलं औषध मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल.’ कधी बदलतात. कधी उत्तर येतं, ‘मॅडम, मंजूर झालेलं भाषांतर आहे.’ कुणी खलनायक नसतं. सगळे सज्जन असतात, चहा चांगला असतो, पुढची फाइल थांबलेली असते. एलियट ज्या गप्प बसण्याबद्दल लिहितात, त्याचा आवाज मला ओळखीचा आहे. तो पानं उलटल्याचा आवाज आहे.

म्हणूनच माझी तक्रारही सांगते. एलियट बोलणाऱ्या माणसांच्या इतक्या प्रेमात आहेत, की ज्यांच्या शरीरावर प्रयोग झाले ती माणसं कडेला जातात. पुस्तक मिटल्यावर मला बक्सटन आठवतो. ३९९ पुरुषांपैकी एकाचाही चेहरा आठवत नाही. दुसरं म्हणजे, लाज हा एकट्या माणसाचा धंदा म्हणून त्यांनी रंगवला आहे. पण त्यांच्याच गोष्टी वेगळं सांगतात. ऑकलंडला स्त्रीचळवळ होती. सिनसिनाटीला कनिष्ठ प्राध्यापकांची संघटना होती. विलोब्रुकमध्ये मतिमंद मुलांना मुद्दाम कावीळ देण्याचे प्रयोग झाले. त्या संस्थेतून काढून टाकलेल्या डॉक्टर विल्किन्सनं टीव्हीच्या पत्रकाराला किल्ली दिली, तेव्हाही त्याच्याबरोबर इतर होते. एकट्याला लाज वाटते. ती टिकवायला चारजण लागतात. ही ओळ पुस्तकात यायला हवी होती.

चारजण म्हणजे काय, याचं उदाहरण मुंबईत आहे. १९९३ पासून इथून वैद्यकीय नीतीवरचं एक नियतकालिक निघतं, आजचं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’. मुंबईच्या वस्त्यांत, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आणि तमिळनाडूतल्या दिंडीगुलमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या मोठ्या चाचण्या झाल्या. तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी केली गेली नाही. संशोधकांचं म्हणणं, देशात अशी तपासणी सर्रास होतच नव्हती, आणि मुंबईच्या चाचणीनं साध्या व्हिनेगरच्या तपासणीनं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात हे दाखवलं. टीकाकारांचं म्हणणं, तपासणी उपयोगी आहे हे आधीच ठाऊक होतं. मग लाखाहून जास्त बायकांना तिच्याविना का ठेवलं? हे ऑकलंड नव्हे. तिथे आजार दिसत असून उपचार टाळले होते. पण प्रश्न शेजारचाच आहे, आणि २०१४ मध्ये या नियतकालिकानं तो उघडपणे छापला. कुणा एकाला नोकरी पणाला लावून बोलावं लागू नये, म्हणून अशी जागा लागते.

२०१९ पासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वागणूक, नीती आणि संवाद यांचे तास आले आहेत. उत्तम झालं. हे तास घेणाऱ्यांना माझी एक सूचना. चार तत्त्वं फळ्यावर जरूर लिहा, ती परीक्षेत येतील. पण एक दिवस वर्गात फक्त कागद वाटा: एक संमतीपत्र, मृत्यूंचा एक तक्ता, वरिष्ठांना लिहिलेलं एक पत्र. कुठल्या वाक्यातून माणूस गायब झालाय, ते पोरांना शोधू द्या. मग विचारा: हे तुमच्या लक्षात आलं, तर उद्या सकाळी सगळ्यात आधी कुणाला सांगाल? ज्याला एकही नाव सुचणार नाही, त्याला त्याच वर्गातली दोन नावं मिळवून द्या.

बक्सटन मे २०२४ मध्ये गेला, हे पुस्तक आलं त्याच महिन्यात. पहिल्या पत्रापासून बातमीपर्यंत त्याला सहा वर्षं लागली. पगारी जागल्यांपैकी एकजण जरी जागा असता, तरी त्यातली काही वर्षं वाचली असती. आणि त्या यादीतली काही माणसंही.