पैसे एका ॲपवर, स्क्रीनशॉट दुसऱ्यावर

‘सोशल मीडिया ॲपने पैसे पाठवायची सोय द्यावी का?’ हा प्रश्न पीएचडीसाठी घेऊन बसलात तर अडकाल. भारतात सोय देऊन झालीये. व्हॉट्सॲपची चाचणी २०१८ मध्ये सुरू झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये एनपीसीआयने परवानगी दिली, पण आधी २ कोटी लोकांपुरती. पुढे ४ कोटी, १० कोटी, आणि ३१ डिसेंबर २०२४ ला मर्यादाच काढून टाकली. धास्ती अशी, की एवढं मोठं ॲप बाजार गिळेल. गिळला नाही, फोनपे आणि गुगल पे अजून पुढेच आहेत.

आमच्या विरारच्या भिशीचा ग्रुप बघा. हप्ता दुसऱ्याच ॲपवरून जातो, ग्रुपवर येतो फक्त स्क्रीनशॉट. पैसे पाठवायची सोय त्याच चॅटमध्ये असूनही! बरं, यूपीआयमध्ये पैसे बँकेतून बँकेत जातात, ॲपकडे साठत नाहीत. त्यामुळे परदेशी वॉलेटवरचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे चिकटवू नका.

मला विचाराल तर ‘द्यावी का’ खोडा, ‘दिली तरी का वापरत नाहीत’ लिहा. आणि नुसती गुगल फॉर्मची लिंक फिरवू नका. भिशी सांभाळणाऱ्या काकूंकडे जाऊन बसा, स्क्रीनशॉट कशाला लागतो ते विचारा.