‘तारे जमीन पर’ : वाचन-अक्षमतेचे चित्रण आणि वाचनाच्या अध्यापनाचा प्रश्न

प्रास्ताविक

आमिर खान दिग्दर्शित व अमोल गुप्ते लिखित ‘तारे जमीन पर’ हा हिंदी चित्रपट २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झाला. वाचन-अक्षमता, म्हणजेच डिस्लेक्सिया, ही संज्ञा पालकांच्या आणि शिक्षकांच्या बोलण्यात रुजवण्याचे मोठे श्रेय या चित्रपटाला द्यावे लागते. अध्यापक-प्रशिक्षणाच्या वर्गांतही तो अनेकदा दाखवला जातो. त्यामुळे केवळ कलाकृती म्हणून त्याचे मूल्यमापन करून भागत नाही. वाचता न येणाऱ्या मुलाला वाचायला कसे शिकवावे, याविषयी हा चित्रपट काय सांगतो आणि काय वगळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निदानाचे चित्रण

आठ वर्षांचा ईशान अवस्थी तिसरीच्या वर्गात दुसऱ्यांदा बसला आहे. घरी आणि शाळेत त्याच्यावर आळशी व उनाड असा शिक्का बसतो आणि अखेर त्याची रवानगी निवासी शाळेत होते. तेथे आलेला चित्रकला-शिक्षक रामशंकर निकुंभ त्याच्या वह्या तपासतो. आरशातल्यासारखी उलटी अक्षरे आणि एकाच शब्दाची निरनिराळी लेखने पाहून या चुकांमागे एक संगती आहे, हे त्याच्या लक्षात येते. ‘चूक’ या शब्दाचा अर्थच येथे बदलतो. चूक हा अपराध न राहता पुरावा ठरते. परक्या लिपीतील मजकूर वाचण्याचा आग्रह निकुंभ ईशानच्या वडिलांना करतो, तो प्रसंग या दृष्टीने चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग होय. वाचता न येणे ही हट्टाची बाब नसते, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा तेथे अधिक परिणामकारकपणे पटते.

तथापि, नाचणारी व उलटी अक्षरे ही प्रतिमा एवढी प्रभावी ठरली, की वाचन-अक्षमता हा दृष्टीचा दोष असावा असा समज प्रेक्षकांच्या मनात दृढ होण्याचा धोका आहे. संशोधनाचा कौल मात्र वेगळा आहे. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत मूळ अडचण शब्दांतील ध्वनी सुटे ओळखण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते. उलटी अक्षरे तर नव्याने लिहू लागलेली कित्येक मुले काढतात.

उपायाचे चित्रण

वाळूत बोटाने गिरवणे, मातीची अक्षरे घडवणे, पायऱ्यांवर चढ-उतार करून बेरीज-वजाबाकी करणे, असे निकुंभचे उपाय चित्रपटात दिसतात. हे उपाय निराधार नाहीत. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन या मेंदूविकारतज्ज्ञाने आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या बहुसंवेदी अध्यापनपद्धतीचा पाया घातला, तिच्याशी त्यांचे नाते आहे. परंतु त्या पद्धतीचा प्राण वाळू किंवा माती नसून क्रम हा आहे. आधी ध्वनी सुटा करणे, मग त्याचे अक्षर, मग शब्द, मग वाक्य, आणि प्रत्येक पायरीवर उजळणी, असे हे अध्यापन महिनोन्‌महिने चालते. वाचनाचे अध्यापन स्पष्ट व पद्धतशीर असावे, हाच निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालातही आढळतो.

चित्रपटाने साधने दाखवली, पण क्रम दाखवला नाही. सुमारे पावणेतीन तासांच्या कथेत प्रत्यक्ष वाचन-अध्यापनाच्या वाट्याला संगीताच्या साथीने सरकणारी काही मिनिटेच आली आहेत. अपवाद एका प्रसंगाचा. शाळेत आलेले वडील परत निघताना ईशान सूचनाफलकावरील मजकूर अडखळत वाचण्याचा प्रयत्न करीत असतो. येथे वाचन हे कष्टाचे काम म्हणून दिसते. मात्र कॅमेरा लगेच वडिलांच्या अश्रूंकडे वळतो आणि मुलाचे वाचन तेथेच सुटते.

कलागुणांचा तोडगा

कथेचा उत्कर्षबिंदू वाचनात नसून चित्रस्पर्धेत आहे. ईशानची प्रगती झाल्याचे शिक्षक पालकांना सांगतात, परंतु प्रेक्षकांच्या स्मरणात राहतो तो स्पर्धा जिंकणारा चित्रकार. वर्गात निकुंभ लिओनार्दो, आईन्स्टाईन, एडिसन यांची उदाहरणे देतो, त्यामागेही हीच धारणा आहे. वाचनातील उणीव जणू प्रतिभेने भरून निघते. ज्या मुलाजवळ असा दीपवणारा गुण नाही, त्याचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. वाचायला शिकण्याचा हक्क हा गुणवत्तेचे बक्षीस नव्हे.

मराठी वर्गाचा संदर्भ

ईशानच्या अडचणी मुख्यतः इंग्रजी लेखनाच्या आहेत. मराठी माध्यमाच्या शिक्षकाला त्यांतून थेट मार्गदर्शन मिळत नाही. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो. रफाराचा उच्चार आधी होतो, पण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांत एकाच ‘च’चे दोन उच्चार आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तर बोलण्यात पुष्कळदा ऐकूच येत नाही. अशा वेळी शुद्धलेखनाच्या चुका केवळ लाल शाईने अधोरेखित करणे म्हणजे निकुंभपूर्व शाळेत परतणे होय. चूक कोणत्या प्रकारची आहे हे पाहून तेवढ्याच घटकाचा सराव योजणे हे खरे साहाय्य ठरेल.

समारोप

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्याने अशा विद्यार्थ्यांच्या हक्कांना कायद्याचे बळ मिळाले. १९९५ च्या कायद्यात ती तरतूद नव्हती. परंतु परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक वा शुद्धलेखनातील सूट यांनी अन्याय कमी होतो. वाचन येत नाही. ते शिकवावे लागते. ‘तारे जमीन पर’ने शिक्षकाला सहृदयतेचा धडा दिला, हे त्याचे ऐतिहासिक कार्य मान्य केलेच पाहिजे. मात्र सहृदयता ही अध्यापनाची पूर्वअट आहे, पर्याय नव्हे. प्रशिक्षणवर्गात हा चित्रपट दाखवताना सूचनाफलकाजवळ थांबून ‘या मुलाला पुढचा शब्द कसा वाचायला शिकवाल?’ असा प्रश्न भावी शिक्षकांना विचारला गेला, तर चित्रपटाने अर्धवट सोडलेले काम वर्गात पुढे जाईल.