तक्त्यातले तेलाचे तळे

कर्वेनगरमधल्या एका शाळेत आम्ही ‘खनिज तेलाची निर्मिती’ हा भिंतीवरचा तक्ता पाहिला. चित्रे सुबक आहेत. वर ‘सागर सम्राट’, खाली काळेशार तेलाचे तळे आणि त्यात सोडलेली नळी. हे तळेच आम्हांला खटकते.

मुंबई हायला १९७४ मध्ये तेल लागले ते तळ्यात नव्हे, चुनखडकाच्या बारीक छिद्रांत. ते तेथे जन्मलेही नव्हते. बाजूच्या खोलगट भागांतल्या, अधिक जुन्या ‘पन्ना’ थरांमधील शेल खडकात ते तयार झाले आणि वर सरकत आले. गाळात गाडलेल्या सेंद्रिय द्रव्याचे आधी घन केरोजेन बनते. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला, लाखो वर्षांत, त्यातून तेल सुटते. आणखी तापले की वायू. तक्त्यात यावर तीनच शब्द : ‘उष्णता व दाब’. किती उष्णता, ते नाही. दाबाला तर फुकटचे श्रेय. त्याचा हात तेल खडकाबाहेर रेटण्यात अधिक.

जे शेलमध्येच अडकून राहते ते शेल तेल, शेल वायू. तळे मनात ठसलेल्या मुलाला हे कसे उमगावे? शोध घेताना शेलचा चुरा तापवून त्यातून किती हायड्रोकार्बन सुटतात ते मोजतात. तेवढी एक चौकट तरी हवी होती.

एका मुलीने विचारले, “आपल्या बोअरला तेल का लागत नाही?” बोअर पोचते तिथवर इथे थिजलेल्या लाव्हाचा बेसाल्टच आहे, तेल देणारा शेल नाही. बाईंनी हे फळ्यावर काढून दाखवले, तक्त्याकडे पाठ करून.